अकरा नंबरची घंटा

ऑफिसात त्यांना सगळे पोर्टकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे पोर्टकाका. वय चोपन्न, अंगकाठी सडसडीत, तीन पांढरे शर्ट आणि दोन निळे. टेबल खिडकीपासून सगळ्यात लांब, झेरॉक्स मशीनला चिकटून. ते टेबल त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं. झेरॉक्स काढायला माणसं येतात, पानं निघेपर्यंत उभी राहतात आणि उभं राहिलेलं माणूस काही ना काही बोलतंच, असा त्यांचा अंदाज होता. पहिली काही वर्षं तो बरोबर ठरला. मग सगळं कागदावाचून चालायला लागलं आणि मशीनकडे कुणी फिरकेनासं झालं. कुणीतरी त्यावर एक कुंडी आणून ठेवली. काका तिथेच राहिले. कुंडीला पाणी कोण घालणार, हा प्रश्न आपोआप सुटला.

कंपनी घंटा बनवायची. दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत खाटेच्या उशाशी जो डबा असतो, त्याचा दोर ओढला की पलीकडे नर्सच्या टेबलावर घंटा वाजते आणि खोलीचा नंबर दिसतो, त्या घंटा. पडद्यावरची चित्रं, आवाज, रंग यांवर बारा तरुण पोरं-पोरी काम करत. एका मशीनचा निरोप दुसऱ्या मशीनपर्यंत नेणारं जे कोड सगळ्याच्या तळाशी होतं, ते मात्र एकट्या काकांकडे होतं. तयार कोडच्या अशा गाठोड्याला प्रोग्राम लिहिणारे लोक लायब्ररी म्हणतात. एकोणीस वर्षांपूर्वी तिघांनी मिळून ही लायब्ररी लिहिली. एक परदेशी गेला, एक मोठा साहेब झाला, तिसरे काका.

त्यातही काकांच्या हातची अशी पाच फंक्शनं होती, पत्त्याची आणि पोर्टची. निरोप पोचवायचा तर दोन गोष्टी लागतात. पत्ता म्हणजे इमारत, पोर्ट म्हणजे त्या इमारतीतलं एक दार. ज्या मशीनला निरोप हवा असतो, ते आपल्या एखाद्या दारापाशी कान लावून बसतं. त्याला ऐकणं म्हणतात. काकांचं एक फंक्शन लिहिलेला पत्ता वाचून त्याचे तुकडे पाडायचं. दुसरं त्या तुकड्यांचा पुन्हा पत्ता करायचं. तिसरं मशीनला दारापाशी ऐकायला बसवायचं. 'कुठलंही मोकळं दार द्या' असं सांगितलं तर नेमकं कुठलं मिळालं, ते चौथं सांगायचं. आणि पाचवं, सगळ्यात लहान, नऊ ओळींचं. मशीनने विचारलं की माझा स्वतःचा पत्ता काय, तर तो सांगायचा.

लायब्ररी कुणालाही फुकट वापरता येई, त्यामुळे जगभरातून प्रश्न येत. अमुक पोर्ट मागितलं, मिळालं नाही. तमुक पत्ता दिला, वाचला नाही. काका एकेका प्रश्नाला सविस्तर उत्तर देत. विचारणारा विद्यार्थी असो की मोठा इंजिनियर, उत्तराची सुरुवात 'आपला प्रश्न चांगला आहे' अशी असे. उत्तर लागू पडलं की समोरचा गप्प होई. चाललं, असंही कुणी कळवत नसे. लागू पडलं नाही तरच तो पुन्हा लिहीत असे. त्यामुळे काका उत्तर पाठवायचे आणि दोन दिवस वाट बघायचे. आपलं उत्तर चुकलं तर बरं, असं एखाद्या वेळी त्यांच्या मनात येई, आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

घरी दोन खोल्या, तिसरा मजला. रविवारी सकाळी दहा वाजता थोरल्या बहिणीचा फोन. बहीण शेजारणींना सांगायची, "धाकटा पोस्टात आहे. पत्तेच बघतो म्हणे दिवसभर." काकांनी दोनदा दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं.

त्या महिन्याच्या सुरुवातीला मॅनेजर एकदा सहज बोलल्यासारखं बोलून गेला होता. पस्तिशीतला, चटपटीत, माणूस वाईट नव्हे. "काका, नवी तयार लायब्ररी मिळतेय. वरचे म्हणतात घेऊ या. मी म्हटलं, जुनीबद्दल एकही तक्रार नाही, कशाला हात लावता? महिनाअखेर ठरेल. आपल्याकडे तक्रार नाही, हाच आपला हुकमी एक्का." काकांनी मान हलवली होती. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. लायब्ररी गेली तर आपल्याला दुसरं काहीतरी काम देतील, हे त्यांना माहीत होतं. पण मग सकाळी उठून कुणाचा प्रश्न आलाय हे बघायचं, ते कुठे बघणार?

गुरुवारी सकाळी मॅनेजर स्वतः त्यांच्या टेबलापाशी आला.

"काका, एक सही हवी."

"कसली?"

"ते वृद्धाश्रमाचं प्रकरण. ऐकलंत ना?"

काकांनी ऐकलं नव्हतं. ऑफिसातली बातमी त्यांच्या टेबलापर्यंत यायला आठवडा-दोन आठवडे लागत.

मॅनेजरने उभ्या उभ्या सांगितलं. गेल्या सोमवारी दुपारी एका वृद्धाश्रमात दहा मिनिटं वीज गेली आणि आली. त्यानंतर दीडच्या सुमारास अकरा नंबरच्या खोलीतल्या आजी खाटेजवळ पाय घसरून पडल्या. दोर हाताला आला, त्यांनी ओढला. टेबलावर घंटा वाजली नाही. दुपारची विश्रांतीची वेळ, कुणी फिरकलं नाही. साडेपाचला चहा घेऊन बाई आली तेव्हा आजी जमिनीवर. मनगट मोडलं, बाकी मुका मार.

"चार तास," काका म्हणाले.

"चार तास. आश्रमवाले तर पेटलेच आहेत. घंटा बसवणाऱ्या बाईंनी घोळ घातला असणार. तिसऱ्याच आठवड्यात घंटा बंद पडते म्हणजे काय? त्यांना आपण सध्या काम देणं थांबवलंय. आता प्रत्येक विभागाने 'आमच्याकडे दोष नाही' एवढं लिहून द्यायचं. सगळ्यांच्या झाल्या, तुमची राहिलीय."

"लॉग आहे का त्या दिवसाचा?"

"आहे, पाठवतो. पण बघताय कशाला? एकोणीस वर्षं चालतंय तुमचं कोड. त्याला काय धाड भरलीय?"

मॅनेजर गेला. काकांनी चष्मा पुसला आणि लॉग उघडला. नर्सच्या टेबलावरच्या मशीनने दिवसभरात काय काय केलं, त्याची ती नोंद. वीज गेली. वीज आली. मशीन सुरू झालं. आणि खाली एक ओळ होती: ऐकत आहे, १२७.०.०.१, पोर्ट ५५६०.

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

१२७.०.०.१ हा पत्ता जगातल्या प्रत्येक मशीनला असतो आणि प्रत्येकाच्या लेखी त्याचा अर्थ एकच, 'मी स्वतः'. मशीनला स्वतःशीच बोलायचं असेल तेव्हा तो वापरतात. बाहेरच्या कुणाला तो देण्यात अर्थ नसतो. पत्र कुठे पाठवू, असं विचारणाऱ्याला 'स्वतःच्याच घरी पाठव' असं सांगण्यासारखं ते.

काय झालं असणार, हे काकांना वाचायचीसुद्धा गरज पडली नाही. वीज आल्यावर टेबलावरचं मशीन लवकर जागं झालं. पत्ते वाटणारं नेटवर्कचं यंत्र अर्धा मिनिट उशिरा. मशीनने काकांच्या पाचव्या फंक्शनला विचारलं, माझा पत्ता काय? पत्ता अजून मिळालाच नव्हता. 'मिळाला नाही, थांब' असं फंक्शनने सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्याने शांतपणे १२७.०.०.१ देऊन टाकला. नेटवर्क आल्यावर मशीनने तोच पत्ता छत्तीस खोल्यांतल्या छत्तीस डब्यांना कळवला: घंटा इथे पाठवा. त्या डब्यांतही हीच लायब्ररी, तेही आपापल्या ५५६० नंबरच्या दारापाशी ऐकत बसलेले. अकरा नंबरच्या डब्याने आजींचा निरोप घेतला, स्वतःलाच पाठवला, स्वतःच घेतला, पोचल्याची पावती स्वतःलाच दिली.

त्या नऊ ओळी काकांनी उघडल्या. सातवी ओळ: पत्ता न मिळाल्यास हा द्यावा. शेजारी त्यांनीच लिहिलेली टीप, 'तात्पुरतं'. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. तेव्हा त्यांच्याकडे घरी एकच मशीन होतं. बोलणारा प्रोग्रामही त्यावर आणि ऐकणाराही त्यावर. दोघांचं छान जमत होतं. दुसरं मशीन आलं की ही ओळ काढू, असं ठरलं होतं. दुसरं मशीन आलं, ओळ राहून गेली.

सहीचा कागद तसाच पडून राहिला. दुपारी तीनच्या सुमारास टेबलाशेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. तिशीतली बाई, खांद्याला जड पिशवी, पिशवीतून पक्कड आणि वायरचं भेंडोळं डोकावत होतं.

"हे मशीन चालतं का हो?"

"चालतं," काका म्हणाले. "कुंडी उतरवावी लागेल."

त्यांनी कुंडी उतरवली. तिने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. घंटा बसवणारी तंत्रज्ञ ती हीच, हे काकांना पहिल्या पानावरूनच कळलं. वृद्धाश्रमाचा नकाशा होता, खोल्यांवर लाल पेनाने खुणा.

"मूळ कागद जमा करा म्हणालेत," ती म्हणाली. "म्हटलं, आपल्याकडे एक प्रत असू दे. उद्या म्हणतील, तपासलंच नव्हतं."

"शाई कमी आहे. जरा फिकट येईल."

"येऊ दे. वाचता आलं म्हणजे झालं." पानं निघायला लागली. आणि उभं राहिलेलं माणूस बोलतंच, तशी ती बोलायला लागली. "एकेक वायर तीनदा तपासलीय मी. माझा नवरा हसतो मला, घराला कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघते म्हणून. तरी हे असं. आता मलाच कळेनासं झालंय. एखादी राहिली का माझ्या हातून? अकरा नंबरला त्या दिवशी मी घाईत होते का? आठवायला गेलं की आठवतं, हो, होते घाईत. मग वाटतं, नव्हते."

काका पानं एकाखाली एक लावत होते.

"आजींना भेटायला गेले होते मी," ती म्हणाली. "शिव्या देतील म्हटलं. तर त्या म्हणतात, डब्यावर दिवा लागला होता गं हिरवा, म्हणून मी गप्प पडून राहिले. आता हिरवा दिवा कधी लागतो? निरोप पोचला तरच ना? म्हणजे दोर चांगला, वायर चांगली. मग निरोप गेला कुठे? मॅनेजरसाहेब म्हणतात, आजींना भास झाला असेल. वय आहे ना."

निरोप कुठे गेला हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता आणि तो तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. काकांनी तोंड उघडलं.

"स्टेपल करून देऊ का?" ते म्हणाले.

"द्या ना. उपकार होतील."

ती गेली. काकांनी कुंडी परत मशीनवर ठेवली.

शनिवारी घरी बसून त्यांनी सातवी ओळ काढली. त्या जागी तीन नवीन लिहिल्या: पत्ता नसेल तर नाही म्हण, दर दोन सेकंदांनी पुन्हा बघ, मिळाल्यावरच कळव. जुनी दोन मशीनं जोडून, वीज काढून, लावून पंधरा वेळा पाहिलं. पंधराही वेळा निरोप बरोबर गेला. एवढंसं काम. आता हे लायब्ररीत टाकायचं आणि बदलाच्या यादीत 'किरकोळ सुधारणा' असं लिहायचं. वर्षातून चार-पाचदा ते तसं लिहीतच. कुणी वाचत नसे. पुढच्या आठवड्यात सगळीकडच्या घंटा आपोआप नीट होणार. कुणाला दुखणार नाही, कुणाला कळणार नाही. महिनाअखेर तक्रारीची पाटी कोरी.

राहता राहिली ती बाई. तिला मिळेल कुठेतरी काम, असं काका स्वतःशी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. खोलीत ते फार खोटं वाटलं.

रविवारी दहा वाजता बहिणीचा फोन आला.

"जेवतोस ना वेळेवर?"

"हो. ताई, एक सांगायचं होतं. माझ्या हातून एक चूक झालीय."

"हं."

पलीकडे नातवंडांचा दंगा चालला होता, भांडी आपटत होती. काकांनी सगळं सांगितलं. वीज, पत्ता, डबा, आजी, ती तंत्रज्ञ. आयुष्यात एका दमात इतकं ते फोनवर कधी बोलले नव्हते. बहीण मधे मधे हं, हं करत होती.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय की. बोल तू."

"काय म्हणालो मी आत्ता?"

"काहीतरी पत्त्याचं," बहीण म्हणाली आणि हसली. "अरे, इथे या दोघांनी दुधाचं पातेलं उपडं केलंय. तुझ्या ऑफिसातलं मला काय कळतंय, सोन्या? तू हुशार आहेस, करशील बरोबर. ठेवू?"

"ठेव."

काकांनी फोन खाली ठेवला. बहिणीचा राग आला नव्हता. ती बिचारी चाळीस वर्षं दर रविवारी फोन करत होती. पण समोरून हं हं येत असताना आपण किती मनापासून बोलत होतो, हे आठवून त्यांना उघडं पडल्यासारखं वाटत राहिलं.

सोमवारी ते अर्धा तास आधी ऑफिसात पोचले. सहीचा कागद समोर घेतला, पेन काढलं. टाकावी सही आणि सुटावं, असं जवळपास ठरलं होतं. सही करण्याआधी स्वतःजवळ एक प्रत असावी म्हणून त्यांनी कुंडी उतरवली आणि झेरॉक्सचं झाकण उघडलं. काचेवर एक कागद पालथा पडला होता. गुरुवारी ती बाई गठ्ठ्यातलं शेवटचं पान आतच विसरून गेली होती.

तपासणीची यादी होती. लाल पेनाने, बारीक अक्षरात. खोली नऊ, ठीक. खोली दहा, दिवा मंद, बदलला. खोली अकरा, तीनदा तपासलं, टेबलावर वाजली. आणि पुढे कंसात: दोर हातभर वाढवला, जमिनीपर्यंत. आजी रात्री-अपरात्री एकट्या उठतात, पडल्या तर हाताला यावा.

हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीच्या सूचनांत दोराची लांबी ठरलेली होती, गादीच्या उंचीपर्यंत. जमिनीवर पडलेल्या आजींच्या हाताला दोर आला, तो तिने हातभर वाढवला होता म्हणून.

काकांनी सहीचा कागद फाडला नाही. त्यांना असल्या गोष्टी जमत नसत. 'आमच्याकडे दोष नाही' या ओळीतल्या 'नाही'वर एक सरळ रेघ मारली, वर 'आहे' लिहिलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला सगळं क्रमवार लिहून काढलं. हिरवा दिवा का लागला, तेही. जोडणीत काही चूक नव्हती, हे वेगळ्या ओळीत. मग संगणकावर बदलाची यादी उघडली. 'किरकोळ सुधारणा' असं लिहायचं ठरलं होतं, त्याऐवजी तिथेही तसंच सविस्तर लिहिलं, म्हणजे जगात जिथे जिथे ही लायब्ररी असेल, तिथे लोकांना कळावं.

मॅनेजर कागद वाचता वाचता खुर्चीत बसला.

"काका, हे तोंडी सांगायचं होतंत. गुपचूप दुरुस्त करून टाकलं असतं."

"दुरुस्त केलंय."

"मग लिहिलंत कशाला? आता हे मला वर दाखवावं लागेल."

"दाखवायलाच लिहिलंय."

"अहो, तुमची लायब्ररी काढतील. मी कुठवर ओढून धरू? एवढी एक गोष्ट आपल्या हातात होती."

"त्या बाईंना कळवा आधी," काका म्हणाले. "आजच कळवा."

मॅनेजरने त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. चिडला होता, पण कागद त्याने नीट घडी घालून खिशात ठेवला. "पोर्टकाका," तो जाता जाता म्हणाला. तोंडावर पहिल्यांदाच. "अवघड माणूस आहात."

महिनाअखेरची वाट बघायची वेळच आली नाही. बुधवारी ठरलं. नवी लायब्ररी येणार, दोन महिन्यांत जुनी काढायची, तोवर काकांनी नव्या लोकांना माहिती द्यायची. नव्या लोकांत दोघं होते, हुशार, घाईतले. काकांनी पाचही फंक्शनं समजावली. ते म्हणाले, हे सगळं नवीत आयतंच आहे. अर्ध्या तासात संपलं.

शुक्रवारी ती तंत्रज्ञ आली. पिशवी खांद्यावरून उतरवली नाही.

"तुमचं पान राहिलं होतं," काकांनी ते पुढे केलं.

तिने घेतलं, पाहिलं, घडी घातली. "त्यांनी कळवलं मला. काम परत दिलंय." मग थांबून म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी मी इथे उभी होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"माहीत होतं."

"सकाळीच कळलं होतं."

"कुंडी उतरवलीत. पानं लावून दिलीत. स्टेपल करू का विचारलंत." तिचा आवाज चढला नाही. "चार दिवस मी घरी वायरी सोडून बांधून बघत होते, आपण कसं चुकलो असू ते. नवऱ्याला झोपू दिलं नाही."

काकांच्या मनात माफी मागायचं होतं, पण तो शब्द तोंडात फारच हलका वाटला.

"उद्या तिथे सगळ्या घंटा परत तपासायच्यात," ती म्हणाली. "तुमचा नवीन बदल घालून. छत्तीस खोल्या. मी खोल्यांतून फिरणार. टेबलापाशी बसून लिहून घ्यायला एक माणूस लागतो. पोरं सुटीचं येत नाहीत. येणार का?"

"येतो."

"दहा वाजता. उशीर नको."

शनिवारी दहाला पाच कमी असताना काका वृद्धाश्रमाच्या टेबलापाशी बसले होते. फरशी नुकतीच पुसलेली, औषधाचा आणि साबणाचा वास. तिने आधी वीज घालवली आणि परत आणली. पडद्यावर ओळ आली, पत्त्याची वाट बघत आहे. बारा सेकंद. मग खरा पत्ता. ती पहिल्या खोलीकडे गेली.

आणि घंटा वाजली. टिंग, टिंग, असा साधा आवाज, पडद्यावर एक नंबर. काका दचकले. एकोणीस वर्षांत आपल्या कोडवरून गेलेला निरोप त्यांनी पडद्यावरच्या अक्षरांत हजारदा पाहिला होता, वाजताना कधी ऐकला नव्हता. ते फार वेळ बसून राहिले असते, पण लिहायचं होतं. खोली एक, वाजली. खोली दोन, वाजली.

खोली अकराची घंटा वाजली. परत वाजली. परत परत वाजत राहिली. मग त्यांच्या मोबाइलवर तिचा आवाज आला, "काका, आजी दोर सोडत नाहीयेत. म्हणतात, माणूस आल्याशिवाय सोडणार नाही. जरा या."

आजी खाटेवर बसल्या होत्या, बारीक चणीच्या, हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात दोर. काका दारात दिसल्यावर त्यांनी तो सोडला.

"तुम्ही कोण?"

"मी या घंटेचं आतलं काम करतो. त्या दिवशी घंटा वाजली नाही, ती चूक माझी. हिची नाही."

आजींनी त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "बसा," त्या म्हणाल्या. तंत्रज्ञ भिंतीला टेकून उभी राहिली.

"पहिला तासभर मला काही वाटलं नाही," आजी म्हणाल्या. "दिवा लागला होता. म्हटलं, येतायत. कामात असतील. मग म्हटलं, विसरले असतील. परत ओढला. परत दिवा लागला. नंतर मी ओढणं सोडून दिलं. काय वाटायला लागलं सांगू? यांना कळलंय, पण यायचं नाहीये. पडली आहे ना ती, राहू दे पडून. हात दुखत होता त्याचं काही नाही हो. पण ते बसलं डोक्यात. आता चहा घेऊन ती मुलगी येते, गोड बोलते, तरी मला वाटतं, तुला कळलं होतं त्या दिवशी."

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांच्या सातव्या ओळीने कुणाची तरी घंटा अडवली, एवढंच ते इतके दिवस धरून चालले होते. या बाईला त्या ओळीने काय सांगितलं होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"आजी, कुणाला कळलंच नव्हतं," ते म्हणाले. "तुमचा निरोप या खोलीच्या बाहेर गेला नव्हता. या डब्याने स्वतःलाच सांगितलं आणि स्वतःच दिवा लावला. तिकडे टेबलावर काही आलं नाही. तिथल्या मुलीला कळलं असतं तर ती धावत आली असती."

"खरं सांगताय? का माझी समजूत काढताय?"

"खरं सांगतोय."

"हे आश्रमवालेही सांगतात. कळलं नाही, कळलं नाही. मग दिवा कसा लागला, म्हटलं की गप्प बसतात."

"लिहून देऊ?"

"द्या," आजी लगेच म्हणाल्या.

तंत्रज्ञ बाईने यादीचं मागचं कोरं पान फाडून दिलं. काकांनी मांडीवर पुठ्ठा ठेवला आणि मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं. खोली अकराची घंटा सोमवारी दुपारी दीड ते साडेपाच या वेळात कुणालाही ऐकू आली नाही. दिवा लागला, तो यंत्राच्या चुकीने लागला. ती चूक यंत्र लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी. आजींनी बोलावलं आहे हे इथल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. खाली सही, तारीख.

आजींनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चष्मा कुठे ठेवलाय देव जाणे. वाचा तुम्हीच. सावकाश."

काकांनी वाचलं. आजी खिडकीकडे बघत ऐकत होत्या.

"ते शेवटचं वाक्य परत वाचा."

काकांनी ते परत वाचलं. आजींनी प्लास्टरचं मनगट दुसऱ्या हाताने जरा सावरून मांडीवर घेतलं.

"काका, बारा नंबर राहिलाय," तंत्रज्ञ हळू आवाजात म्हणाली.

"तू हो पुढे," काका म्हणाले. "मी यांना अजून एकदा वाचून दाखवतो आणि येतो."